रहस्यांचा बंगला

१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार
पाहुणे गेले. पातेली घासून झाली. आता जे झालं ते लिहून ठेवते.

निघता निघता लेकीनं, रोझारियानं, फोन माझ्या हातात दिला. पलीकडे तिच्या रुज्जेरोची आई ओर्नेल्ला, आमच्या होणाऱ्या विहीणबाई. उत्तरेकडे बेर्गामोला पस्तीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवलं. बोलतात तेही फळ्यावर लिहिल्यासारखं. म्हणाल्या, तुम्ही स्काफातीला राहता, म्हणजे पोम्पेई एका स्टेशनावर, नेहमी जात असाल. मी म्हटलं, हो तर, वर्षातून दोनदा, लग्न झाल्यापासून एकदाही चुकवलं नाही. यात खोटं काहीच नाही. आमच्याकडे पोम्पेईला गेली म्हटलं की मरिया मातेच्या देवळात गेली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. देवळापासून दहा मिनिटांवर ते जमिनीतून उकरलेलं जुनं शहर आहे. नाही कोण म्हणतंय. पण त्याला आम्ही पोम्पेई म्हणत नाही, खोदकाम म्हणतो.

मग त्यांनी विचारलं, तिथलं तुमचं सर्वांत आवडतं घर कोणतं? मी म्हटलं, मातेचं. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. मग म्हणाल्या, माझ्या पुस्तकात नाही हे, नवीन खणलेलं दिसतंय. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण एवढ्या शिकलेल्या बाईला मध्येच कसं तोडायचं? ऑक्टोबरात बोलणी करायला येते, तेव्हा तुम्हीच मला फिरवा, गाइड नको, म्हणाल्या. मी म्हटलं, छे, गाइड कशाला.

रोझारिया दारात म्हणाली, आई, तू आत कधी गेली होतीस? मी म्हटलं, तू लहान होतीस. ती म्हणाली, बघ हं, त्या एकेक दगड विचारतात. त्यांच्यासमोर माझं नाक कापू नकोस.

निश्चय: विहीणबाई यायच्या आत खोदकाम नीट पाहून घेणे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियमं आणि खोदकामं फुकट असतात. एरवी अठरा युरो. ऑक्टोबरच्या आत पहिले रविवार सहा. म्हणजे सहा ठिकाणं: पोम्पेई, तसंच गाडलेलं एर्कोलानो, नेपल्सचं म्युझियम, पोझ्झुओलीचं मैदान आणि आणखी दोन. ती बघू. हे माझ्या हौसेसाठी नाही. मुलीसाठी आहे.

७ एप्रिल, रविवार
पहिला रविवार. मिस्सा आठची. नऊला रागू, रविवारचा मांसाचा टोमॅटो-रस्सा, चुलीवर. दहाच्या गाडीनं निघणार होते, बुटाची नाडीही बांधली होती. माझा नवरा कतेल्लो म्हणाला, रागूकडे कोण बघणार? मी म्हटलं, तू. तो म्हणाला, चाळीस वर्षं मी टोमॅटोच्या कारखान्यात काढली, रविवारीही टोमॅटोच ढवळू? शिवाय रागूला असं सोडून जाता येत नाही. बुडबुडा फुटायला हवा, पण एका वेळी एकच. हे नवऱ्याला शिकवायला पाच तास लागले असते आणि रागू व्हायलाही पाचच तास लागतात. मग मीच केला.

तसंही ईस्टरनंतरचा रविवार म्हणजे दयेचा रविवार. त्या दिवशी मूर्तिपूजकांची घरं बघत हिंडणं बरं दिसलं नसतं. उरले पाच. पाच पुष्कळ झाले.

१९ एप्रिल, शुक्रवार
आधी अभ्यास, मग प्रवास. हेच बरोबर. शाळा शेवटपर्यंत शिकलेली आमच्या गल्लीत त्या काळी मी एकटीच होते.

देवळाच्या कपाटातून खोदकामाचं पुस्तक आणलं. जुनं आहे. चित्रांची बरीच पानं आधीच्या फादरांनी एकमेकांना चिकटवून टाकलीत. नवे फादर अनिएल्लो म्हणाले, दोराबाई, ओढू नका, फाटतील. कडेनं डोकावलं तर चित्रांखालच्या ओळी तेवढ्या वाचता येतात.

त्यात काय सापडलं ते नीट लिहून ठेवते. शहराच्या वेशीबाहेर एक मोठा बंगला आहे. नाव रहस्यांचा बंगला. आणि मी साठीला आले तरी मला हे कुणी सांगितलं नाही. लहानपणापासून रोज जपमाळेवर ज्या रहस्यांचा, म्हणजे प्रभूच्या आणि मातेच्या आयुष्यातल्या प्रसंगांचा, जप करते, आनंदाची, दुःखाची, गौरवाची, ती त्या बंगल्यात भिंतभर रंगवलेली आहेत. मी एकेक ओळ ताडून पाहिली. 'पंख असलेली आकृती': गब्रिएल दूत. 'वाचणारा बालक': बाळ येशू मंदिरात. 'चाबकाचे फटके': प्रभूला खांबाला बांधून मारलं ते, दुःखाचं दुसरं रहस्य. 'द्राक्षवेली आणि मद्य': काना गावचं लग्न, जिथे प्रभूनं पाण्याचं मद्य केलं. ते शहर गाडलं गेलं सन एकोणऐंशीला, म्हणजे प्रभूनंतर शेहेचाळीस वर्षांनी. इतक्या लवकर. विहीणबाईंना हे लॅटिनमध्ये कुणी शिकवलं नसणार.

शेजारच्या नुन्झियाला सांगितलं. ती म्हणाली, पण मग फादर आपल्याला तिथे का नेत नाहीत? मी म्हटलं, फादर तरुण आहेत, त्यांना सगळं कुठे माहीत.

५ मे, रविवार
कतेल्लोच्या पुतण्याच्या मुलीचं पहिलं कम्युनियन, देवळातला तो मोठा संस्कार. जेवायला एकला बसलो, सहाला उठलो. अकरा पदार्थ. उरले चार रविवार, पण आता यादीही आटोपशीर केली आहे. एर्कोलानो लहान आहे म्हणतात. लहान बघून काय करायचं?

८ मे, बुधवार
मातेची मोठी प्रार्थना. बारा वाजता चौकात हजारो माणसं. आमच्या जपमाळ मंडळाच्या अकरा जणी, सासूबाई आणि मी. प्रार्थना झाल्यावर मी मुद्दाम खोदकामाच्या फाटकापर्यंत चालत गेले. फाटक चांगलं आहे, लोखंडी. आत झाडं दिसली. पाइनची.

आत जाणार होते, पण कतेल्लोनं दोनला घरी बोलावलं होतं आणि आज बुधवार, म्हणजे अठरा युरो. तरी सुरुवात झाली म्हणायची. फाटक पाहून झालं.

२६ मे, रविवार
विहीणबाईंचा फोन. या वेळी मी आधीच तयारीत होते. म्हटलं, तुम्हाला आधी रहस्यांच्या बंगल्यात नेणार. त्या एकदम हळव्या झाल्या. म्हणाल्या, दोराबाई, माझ्या मनातलं बोललात. कॉलेजात असताना पाहिला होता, अजून विसरले नाही. दीक्षा घेणारी ती बाई समोर आली की मला रडू येतं. (दीक्षा म्हणजे ननची असणार. पुस्तकात 'वधू' लिहिलंय, ख्रिस्ताची वधू.) मी म्हटलं, मला तर तिथे गुडघे टेकावेसे वाटतात. त्या म्हणाल्या, असं मनापासून बोलणारी माणसं आता राहिली नाहीत. मी म्हटलं, आमचं अकरा जणींचं मंडळ आहे, सगळ्या याच विचाराच्या. त्या म्हणाल्या, खरंच? स्काफातीत?

फोन ठेवल्यावर रोझारियाचा मेसेज: आई, तू त्यांना काय सांगितलंस? म्हणतात, तुझी आई विलक्षण आहे.

२ जून, रविवार
आज खरोखर निघाले. सासूबाईंना सांभाळायला कोणी नाही म्हणून त्यांनाही घेतलं. वय एकोणनव्वद, कान कमी, जीभ शाबूत. दर दहा पावलांवर म्हणत होत्या, दोरे, आज मातेचा कसला सण आहे? मी म्हटलं, सण नाही, आपण खोदकाम बघायला चाललोय. त्या म्हणाल्या, कोणाचं काम?

गाडीतून उतरलो आणि पाय आपोआप देवळाकडे वळले. एवढ्या वर्षांचे पाय आहेत, त्यांना काय बोलायचं. सासूबाई म्हणाल्या, आलोच आहोत तर एक माळ जपू. एक झाली. मग म्हणाल्या, माझ्या थोरल्या नणंदेच्या आत्म्यासाठी एक. ती जिवंत आहे, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, मग आधीच करून ठेवू. तीन माळा. मग आइस्क्रीम. मग बाथरूम. मग म्हणाल्या, घरी कधी जायचं?

फाटकापासून शंभर पावलांवर होते. तिथली रांग पाहिली. त्या रांगेत सासूबाईंना उभं करणं म्हणजे पाप. घरी आलो. कतेल्लोनं विचारलं, काय बघितलं? मी म्हटलं, गर्दी फार होती.

७ जुलै, रविवार
गाड्या बंद. संप. चालत गेले असते, पण छत्तीस डिग्री. झाडांच्या कुंड्यासुद्धा सावलीत ठेवल्या आहेत.

४ ऑगस्ट, रविवार
टोमॅटो. चारशे किलो. वर्षभराच्या सॉसच्या बाटल्या. सगळं घर अंगणात. कतेल्लो खुर्चीवर बसून सूचना देतो. कारखान्यात तो सुपरवायझर होता. मी म्हटलं, हे पुढच्या रविवारी करू या का? सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी सासूबाईंनाच बाटलीत भरू या म्हटलं.

आता एकच रविवार उरला. एक पुरतो. एक ठिकाण नीट बघितलेलं बरं, सहा ठिकाणी नुसते पाय दुखवण्यापेक्षा. नेपल्सच्या म्युझियममध्ये तर म्हणे सगळ्या मूर्तींना हात नाहीत.

२५ ऑगस्ट, रविवार
कतेल्लोला सरळ सांगितलं. एक तारखेला मी दिवसभर बाहेर जाणार. एकटी. तो म्हणाला, एकटी कुठे? म्हटलं, पोम्पेईला. म्हणाला, मातेकडे तर परवा जाऊन आलीस. मी म्हटलं, मातेकडे नाही, खोदकाम बघायला.  मग म्हणाला, तिथे काय बघायचंय? छप्पर नसलेली घरं. आपल्या स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय, ते बघ आधी.

 पण मनात ठरवलं, जाणारच.

१ सप्टेंबर, रविवार
सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. हाड मोडलं नाही, मातेची कृपा. डॉक्टर म्हणाले, महिनाभर एकटं सोडू नका. देवळानं चाकाची खुर्ची दिली आहे, एक चाक जरा वाकडं.

दिवसभर त्यांच्या उशाशी बसून पुस्तक वाचलं. आता मला ते शहर इतकं पाठ झालंय की जायची गरजच काय? गल्लीन्‌गल्ली डोळ्यांसमोर आहे. जे जाऊन बघतात त्यांना एवढं तरी कुठे कळतं.

२२ सप्टेंबर, रविवार
पंचाईत. नुन्झियानं मंडळात बोलून टाकलं. अकराच्या अकरा जणी म्हणतात, सहा ऑक्टोबरला मातेची मोठी प्रार्थना झाली की आम्हीही तुमच्याबरोबर रहस्यांच्या बंगल्यात येणार. पहिला रविवार, फुकट. तिथे पंधराही रहस्यं उभ्यानं म्हणायची ठरली. फिलुमेनाबाई डोक्यावर पांढरा रुमाल घेणार आहेत. नुन्झिया म्हणाली, दोरे, पुढे तू. वाट तुलाच माहीत. मी म्हटलं, अर्थात.

पुस्तकातला नकाशा ज्या पानावर आहे तेही चिकटवलेलंच आहे. नकाशात काय वाईट होतं कोण जाणे.

५ ऑक्टोबर, शनिवार
विहीणबाई आल्या. बारीक, ताठ, बूट सपाट. दोन्ही गालांना गाल लावून म्हणाल्या, उद्याची मी एप्रिलपासून वाट बघतेय. लग्नाची बोलणी अर्ध्या तासात संपली. मग मला म्हणाल्या, तुम्ही वर्षातून दोनदा जाता, म्हणजे आतापर्यंत सत्तर-पंचाहत्तर वेळा झालं. मी म्हटलं, असेल. रोझारिया टेबलाखालून माझा हात दाबत होती. इतका की अंगठी रुतली.

६ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ
क्रमानं लिहिते.

बाराची प्रार्थना. रडू आलं, नेहमीसारखंच. मग मिरवणूक निघावी तसे आम्ही फाटकाकडे: विहीणबाई, रोझारिया, रुज्जेरो, अकरा जणी आणि मी सासूबाईंची खुर्ची ढकलत. कतेल्लो कॉफी प्यायला चौकातच बसला. रांगेत पाऊण तास. मग एका माणसानं माझ्या हातात कागदाचं तिकीट दिलं, त्यावर शून्य लिहिलेलं. मी आत गेले.

आत गेले, हे पुन्हा लिहिते. साठाव्या वर्षी.

विहीणबाई म्हणाल्या, दोराबाई, कुठून? मी म्हटलं, सरळ. सरळ रस्ता एवढा लांब असेल असं पुस्तकात नव्हतं. मोठमोठे काळे दगड, आणि त्यांत जुन्या गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाऱ्या, ढोपरभर वाटाव्यात इतक्या. आमची खुर्ची शंभर-दीडशे पावलं गेली आणि तिचं वाकडं चाक एका चारीत घुसलं. मी ओढलं. रुज्जेरोनं ओढलं. सासूबाई म्हणाल्या, मला मारा आणि इथेच पुरा, जागा बरी आहे. खुर्ची हलेना, सासूबाईंना उचलावं तर त्या ओरडतात.

पहारेकऱ्याला शोधायला रुज्जेरो गेला. तो परत येऊन म्हणाला, माणूस येईल, वेळ लागेल. बंगला शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, तो लवकर बंद होतो म्हणे. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. रोझारिया म्हणाली, मी थांबते आजीपाशी. तेव्हा विहीणबाई अगदी प्रेमानं म्हणाल्या, तू कशाला, तू पाहिलेला नाहीस. तुझ्या आईनं सत्तर वेळा पाहिलाय, त्या थांबतील. हो ना, दोराबाई?

मी म्हटलं, हो. तुम्ही जा. मला पाठ आहे.

त्या गेल्या. नुन्झियानं जाता जाता माझी जपमाळ मागून घेतली, तिची तुटली होती.

दीड तास. खुर्ची जिथे अडकली तिथे डाव्या हाताला एक जुनी खानावळ होती. दगडी ओटा, त्याला गोल भोकं, त्यांत रांजण बसवलेले. मागे काळी झालेली भिंत आणि कोपऱ्यात चूल. खाली लाकडं सरकवायला कमान. चुलीसमोर एक बाई वळू शकेल एवढीच जागा. तिथे उभं राहिलं तर रस्ता दिसत नाही, हे मी आत जाऊन पाहिलं. खरंच दिसत नाही. सासूबाई बाहेरून ओरडत होत्या, दोरे, कुठे मेलीस. तिथूनच ओरडले, इथेच आहे, चुलीपाशी.

मग माणूस आला, त्यानं एका झटक्यात खुर्ची काढली. म्हणाला, मागे फिरा, पुढे आणखी वाईट आहे.

साडेचारला बायका फाटकावर आल्या. सगळ्यांचे चेहरे लाल. फिलुमेनाबाईंचा पांढरा रुमाल गळ्याभोवती. मला वाटलं, भक्तीनं. नुन्झिया माझ्या कानाशी येऊन म्हणाली, दोरे, अगं भिंतभर नागडे. म्हटलं, कोण? म्हणाली, सगळे. तुझ्या गब्रिएल दूताला पंख आहेत, पण कपडे नाहीत, आणि चाबूक त्याच्याच हातात आहे. त्याच्या म्हणजे तिच्या. मधोमध दारूचा देव पिऊन बाईच्या मांडीवर आडवा. आम्ही 'नमो मरिया' सुरू केलं होतं, ते अर्ध्यातच राहिलं. मग तुझ्या विहीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं. म्हणे त्या काळच्या बायका गुपचूप या देवाचं व्रत घेत आणि चूल, माग, नवरा सगळं टाकून डोंगरावर नाचायला जात.

मी काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, तू पक्की आहेस हं. जपमाळेचं नाव सांगून नेलंस आम्हाला. नाहीतर आमच्या घरून कुणी सोडलं असतं? इतकं हसलो आम्ही. फिलुमेनाबाई तर भिंतीला टेकून बसल्या.

विहीणबाईंनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, तुमच्यासारखी बाई मी पाहिली नाही. रोझारियाच्या डोळ्यांत पाणी होतं. नाक शाबूत.

म्हणजे सगळं ठरवल्याप्रमाणेच झालं.

१४ ऑक्टोबर, सोमवार
लग्न जूनमध्ये नक्की. विहीणबाई पुढच्या महिन्यात पुन्हा येणार, मंडळाला नेपल्सचं म्युझियम दाखवायला. तीन नोव्हेंबर, पहिला रविवार. बायकांनी घरी सांगितलंय की मृतांच्या महिन्याची खास प्रार्थना आहे. मी नवा कोट काढून उन्हात ठेवला.

संध्याकाळी नुन्झिया आली. म्हणाली, दोरे, एक अडचण आहे, आमच्या सासूबाईंना कुठे ठेवू? फिलुमेनाबाईंच्या आईंचंही तेच, आणि मंडळातल्या कार्मेलच्या मावशींचंही. आम्ही विचार केला, तू तर सगळं पाहिलेलंच आहेस.

मी म्हटलं, म्युझियम नाही पाहिलेलं. ती म्हणाली, चल गं, थट्टा करू नकोस.

३ नोव्हेंबर, रविवार
चार म्हाताऱ्या. दोन खुर्च्या शेजारून आणल्या. रागू मोठ्या पातेल्यात.

बायका नऊच्या गाडीनं गेल्या. खिडकीतून हात हलवला त्यांनी, मीही हलवला.

जेवताना नुन्झियाच्या सासूबाई म्हणाल्या, त्या म्युझियममध्ये असतं तरी काय? मी सांगायला लागले. संगमरवरी मूर्ती, हात नसलेल्या. भांडी. भाजून काळे झालेले पाव. भिंतींवरून काढून आणलेली चित्रं. सांगता सांगता मला सगळं दिसायला लागलं. त्या चमचा तसाच धरून ऐकत होत्या.

तेवढ्यात आमच्या सासूबाईंनी पाव रश्श्यात बुडवला आणि म्हणाल्या, हिचं काही ऐकू नका. हिनं काही पाहिलेलं नाही. ही कुठे जात नाही. मला विचारा, मी असते ना रोज हिच्याबरोबर.

तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. कार्मेलच्या मावशी मला हळूच म्हणाल्या, वय झालं त्यांचं, होतं असं डोक्याचं.

मी म्हटलं, हो, होतं.

मग उठून चुलीची आच कमी केली.